विल्यम होगार्थ : कोरणीचा धनी

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांच्या चुली पिढ्यान्‌पिढ्या हातोडी आणि कोरणी यांच्या बळावर पेटत आल्या आहेत. म्हणूनच चांदीवर नक्षी कोरता कोरता थोर चित्रकार झालेल्या एका परकीय कारागिराचे चरित्र या स्मरणिकेत देणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

विल्यम होगार्थचा जन्म १६९७ साली लंडन येथे झाला. वडील लॅटिनचे शिक्षक. पण विद्येने पोट भरेना. तेव्हा जेथे लॅटिनमध्येच संभाषण चालावे असे एक कॉफीगृह त्यांनी काढले. (ही कल्पना विद्वानालाच सुचावी!) ते बुडाले आणि कर्जापायी त्यांना फ्लीट तुरुंगाची वाट धरावी लागली. विल्यम तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होता.

पुढे एलिस गँबल या रौप्यकाराकडे उमेदवारी करून तो भांड्यांवर सरदारांची कुलचिन्हे कोरू लागला. १७२० च्या सुमारास त्याने स्वतःचा धंदा थाटला व तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून त्यांचे छाप विकू लागला. नाटकाची त्याला विलक्षण आवड. एखाद्या नाटकाचे प्रवेश असावेत तशी त्याची चित्रे एकापुढे एक येतात. खेड्यातून लंडनला आलेली भोळी मुलगी कुट्टिणीच्या हाती पडून कशी नासते, हे त्याने सहा चित्रांत दाखविले. १७३२ साली निघालेल्या या मालेस एक गिनी दराने बाराशेंहून अधिक वर्गणीदार मिळाले. परंतु लागलीच दुकानदारांनी नकला छापल्या. घाम कारागिराचा आणि गल्ला दुसऱ्याचा! हे दुःख आपल्या लोकांना निराळे समजावून सांगावयास नको.

होगार्थ रडत बसला नाही. सहकाऱ्यांना बरोबर घेऊन त्याने पार्लमेंटकडे अर्ज केला. १७३५ च्या कायद्याने चित्र कोरणाऱ्यास चौदा वर्षांपर्यंत आपल्या कृतीचा हक्क मिळाला. उधळ्या वारसाची आठ चित्रांची माला तयार असूनही कायदा अमलात येईतो त्याने ती रोखून धरली. तिच्यातील सातवे चित्र फ्लीट तुरुंगाचे आहे. नायकापुढे दारोगा पैशांसाठी वही धरून उभा आहे. ते काढताना होगार्थला वडील आठवले नसतील, असे आम्हांस वाटत नाही.

उद्योगी आणि आळशी उमेदवारांच्या बारा चित्रांतील उपदेश मात्र आम्हांस ढोबळ वाटतो. त्याहून १७५१ मधील जिनच्या गल्लीचे चित्र मनाला अधिक चटका लावते : नशेत बेभान आईच्या हातून मूल खाली पडत आहे, सुतार करवत व गृहिणी भांडी गहाण टाकीत आहे, आणि भरभराट आहे ती सावकाराची. गरिबांपर्यंत पोहोचावे म्हणून त्याने या छापाची किंमत एक शिलिंगच ठेविली.

त्याला स्वतःस अपत्य नव्हते. पण लंडनच्या अनाथ बालकाश्रमाच्या आरंभीच्या विश्वस्तांत तो होता. २६ ऑक्टोबर १७६४ रोजी तो वारला. तांब्याचे पत्रे पत्नी जेन हिच्याकडे आले. १७६७ च्या कायद्याने त्यांवरील हक्क तिला आणखी वीस वर्षे मिळाला, आणि पतीच्या चित्रांचे छाप विकून तिने आपला चरितार्थ चालविला.