मादाम कामांचा ध्वज

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात नेकार नदीच्या खोऱ्यात स्टुटगार्ट हे शहर वसलेले आहे. मोटारगाडीचे माहेरघर म्हणून त्याची जगभर ख्याती आहे. गॉटलीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख या दोन यंत्रज्ञांनी जवळच्या कानश्टाट गावी, बागेतील एका लहानशा कार्यशाळेत, हलके व वेगवान इंजिन तयार केले. १८८६ साली ते चारचाकी गाडीला बसविले आणि घोड्यावाचून गाडी धावू लागली. पुढे १९०५ साली कानश्टाट स्टुटगार्टमध्ये सामील झाले. या शहरात जाणारे प्रवासी तेथील मोटारींची संग्रहालये आवर्जून पाहतात. भारतीय प्रवाशाला मात्र तेथे आणखी एका घटनेचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. याच शहरात १९०७ साली एका मुंबईकर स्त्रीने पारतंत्र्यात पडलेल्या भारताचा ध्वज जगापुढे उभारला. त्या स्त्रीचे नाव मादाम भिकाजी कामा.

भिकाजींचा जन्म २४ सप्टेंबर १८६१ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील सोराबजी पटेल हे व्यापारी होते. १८८५ साली रुस्तुम कामा या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. घरात वैभवाला तोटा नव्हता. परंतु पतीचा ओढा इंग्रजी राज्याकडे, तर भिकाजींचे मन देशसेवेत रमलेले. दोघांचे सूर जुळले नाहीत.

१८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. घरेच्या घरे ओस पडू लागली. अशा वेळी भिकाजींनी रुग्णांची शुश्रूषा करण्याचे व्रत घेतले. अखेर त्या रोगाने त्यांनाही गाठले. त्या वाचल्या, पण प्रकृती कायमची खालावली. उपचारांसाठी १९०२ साली त्या विलायतेस गेल्या. तेथे दादाभाई नौरोजी व श्यामजी कृष्णवर्मा यांच्या सहवासात त्यांच्या देशभक्तीला नवी दिशा मिळाली. मायदेशी परतण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने अट घातली की, राजकीय चळवळीत भाग घेणार नाही असे लिहून द्यावे. भिकाजींनी ते साफ नाकारले आणि परदेशातच राहणे पत्करले.

ऑगस्ट १९०७ मध्ये स्टुटगार्ट येथे आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषद भरली. २५ देशांचे ८०० हून अधिक प्रतिनिधी तेथे जमले होते. सरदारसिंह राणा यांच्यासह मादाम कामाही तेथे गेल्या. २२ ऑगस्ट रोजी, साडी परिधान केलेली ही ४५ वर्षांची स्त्री व्यासपीठावर उभी राहिली. भारतातील दारिद्र्य व गुलामगिरी यांचे चित्र तिने सभेपुढे मांडले आणि भारताच्या स्वातंत्र्याला पाठिंबा मागितला. मग तिने आपल्याजवळचा ध्वज उलगडला. त्यावर हिरवा, केशरी व लाल असे तीन पट्टे होते. वरच्या पट्ट्यावर आठ कमळे, मधल्यावर देवनागरीत वंदे मातरम् ही अक्षरे आणि खालच्यावर सूर्य व चंद्रकोर अशी चिन्हे होती. ठराव नियमानुसार आधी सादर झालेला नसल्याने मताला टाकला गेला नाही. तरीही पारतंत्र्यातील एका राष्ट्राची आकांक्षा त्या दिवशी जगाने आपल्या डोळ्यांनी पाहिली.

पुढे पॅरिस हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९०९ पासून त्यांनी वंदे मातरम् हे पत्र चालविले. इंग्रज सरकारने त्यांना आपल्या स्वाधीन करण्याची मागणी केली, परंतु फ्रान्सने ती मान्य केली नाही. पहिल्या महायुद्धात मात्र इंग्लंड व फ्रान्स मित्र झाले आणि कामांना नजरकैद भोगावी लागली. वर्षांमागून वर्षे गेली. वार्धक्य आले आणि पक्षाघाताने शरीर जर्जर झाले. मायभूमीत देह ठेवावा, एवढीच इच्छा उरली होती. जी अट त्यांनी उमेदीच्या काळात धुडकावली होती, तीच आता मान्य करावी लागली. नोव्हेंबर १९३५ मध्ये, सुमारे ३३ वर्षांनी, त्या मुंबईस परतल्या. १३ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यांचा ध्वज इंदुलाल याज्ञिक यांनी भारतात आणला व तो पुण्याच्या केसरी वाड्यात जतन केला गेला. कामांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी देश स्वतंत्र झाला. निजामाच्या राज्यात असलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यांत तर तिरंगा निर्भयपणे फडकण्यास १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडावा लागला. आज गावोगावच्या शाळांत मुले ध्वजाला वंदन करतात. तो मान मिळविण्यासाठी एका रुग्णाईत स्त्रीने आपले घर आणि आपला देश दोन्ही दुरावू दिले होते.