रोमला गेलेली शिक्षिका : मार्गारेट फुलर

वाचकहो, परदेश पाहून आलेले लोक आपल्याला फोटो दाखवतात. जुनी देवळे, राजवाडे, पुतळे. पण एखाद्या देशाची संस्कृती पाहायला जाऊन त्या देशाच्या सुखदुःखात सामील होणारे थोडेच. अशांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील लेखिका मार्गारेट फुलर. त्यांची हकिगत आज आम्ही सांगणार आहोत.

मार्गारेटबाईंचा जन्म 23 मे 1810 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिजपोर्ट येथे झाला. वडील वकील होते. मुलींना फारसे न शिकवण्याच्या त्या काळात त्यांनी आपल्या थोरल्या लेकीला वयाच्या सहाव्या वर्षापासून लॅटिन शिकवले. त्यामुळे बोस्टनजवळच्या त्या घरात बसून ही मुलगी मनाने रोममध्ये वावरू लागली. पुढे त्या इटालियनही शिकल्या. इटली डोळ्यांनी पाहावी ही इच्छा तेव्हापासूनची.

युरोपला जाण्याचा योग जुळून आला होता, पण 1835 मध्ये वडील कॉलऱ्याने वारले. धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भार मार्गारेटबाईंवर पडला. प्रवास राहिला आणि त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली. आधी बोस्टनला, मग प्रॉव्हिडन्सला. आम्हीही मास्तरकी करतो, म्हणून घरासाठी मनातली हौस बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे.

1839 पासून त्यांनी बोस्टनमध्ये स्त्रियांसाठी चर्चेचे वर्ग चालवले. 1845 मध्ये स्त्रियांच्या हक्कांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्याआधीच त्या न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात लिहू लागल्या होत्या. अखेर 1846 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, त्यांचे जहाज निघाले. एका मित्र दांपत्याच्या मुलाला शिकवायचे आणि वाटेतून ‘ट्रिब्यून’ला पत्रे धाडायची, असा बेत होता.

लंडनमध्ये त्यांची मॅझिनीशी भेट झाली. सावरकरांनी 1907 मध्ये ज्याचे चरित्र मराठीत आणले, तोच हा इटलीचा देशभक्त. त्या वेळी इटली एक देश नव्हता. त्याचे अनेक तुकडे होते. उत्तरेत ऑस्ट्रियाचे राज्य होते, तर रोमवर पोपची सत्ता होती. पुस्तकांतल्या वैभवशाली रोमला शोधत गेलेल्या मार्गारेटबाईंना 1847 साली तिथे स्वातंत्र्यासाठी तळमळणारी जिवंत माणसे भेटली. भग्न वास्तूंपेक्षा त्यांना ही माणसे मोलाची वाटू लागली. सोबती पुढच्या प्रवासाला गेले, पण त्या रोमला परतल्या.

तिथेच जोव्हानी ओसोली या खानदानी पण गरीब तरुणाशी त्यांचे मन जुळले. 5 सप्टेंबर 1848 रोजी रिएती या डोंगराळ भागातील गावी त्यांना मुलगा झाला. ही गोष्ट त्यांनी अमेरिकेतील आप्तांपासून बरेच दिवस लपवून ठेवली. बाळाला दाईकडे ठेवून त्या रोमला आल्या.

पोप रोम सोडून गेले होते. 9 फेब्रुवारी 1849 रोजी तिथे प्रजासत्ताक जाहीर झाले. ते मोडण्यासाठी फ्रेंच सैन्य चालून आले. ओसोली तटावर पहारा देत होते आणि मार्गारेटबाई तिबेर नदीतल्या बेटावरील इस्पितळात जखमींची व्यवस्था पाहत होत्या. शहरावर तोफा चालत होत्या, बाळ दूर रिएतीला होते. तशातही त्या पत्रे लिहीत राहिल्या आणि रोमची बाजू अमेरिकेच्या वाचकांपुढे मांडत राहिल्या.

जुलैच्या आरंभी रोम पडले. रिएतीला जाऊन पाहतात तो दाईच्या हयगयीने मूल अगदी खंगलेले. त्याला घेऊन तिघे फ्लॉरेन्सला गेले. तिथे मार्गारेटबाईंनी रोमच्या लढ्याचा इतिहास लिहायला घेतला.

पैसा संपत आला, तेव्हा 17 मे 1850 रोजी त्यांनी ‘एलिझाबेथ’ या जहाजाने अमेरिकेची वाट धरली. वाटेत देवीच्या रोगाने कप्तान दगावला. मुलालाही देवी आल्या, पण ते बचावले. 19 जुलैच्या पहाटे, न्यूयॉर्क जवळ आले असता, वादळात जहाज फायर आयलंडच्या वाळूत रुतले. तळातल्या संगमरवराच्या जड शिळांनी जहाजाचा तळ फोडला. किनारा दिसत होता. काही जण पोहून तरलेही. मार्गारेटबाई, पती आणि मूल मात्र बुडाले. लाटांनी फक्त बाळाचा देह परत दिला. थोरो हा लेखक मुद्दाम तिथे जाऊन शोध घेत फिरला, पण हस्तलिखित काही मिळाले नाही.

आमच्या बेटावर 1744 साली फुटलेल्या सें-जेराँ जहाजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. किनाऱ्याजवळ येऊन बुडणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

त्यांचा ग्रंथ समुद्रात गेला, पण ‘ट्रिब्यून’मध्ये छापलेली पत्रे राहिली आणि आजही वाचली जातात. आपल्यातले काही जण पूर्वजांचा महाराष्ट्र पाहायला जातात. गडकिल्ले पाहावेत, पंढरपूरही पाहावे. पण त्याबरोबर तिथल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर घटकाभर बसून यंदा पाऊसपाणी कसे झाले, हेही विचारावे. मार्गारेटबाईंच्या चरित्रातून आम्ही तरी एवढे शिकलो.