सत्यान्वेषीचा जनक : शरदिंदू बंद्योपाध्याय

रहस्यकथा म्हणजे केवळ फावल्या वेळची करमणूक, असे मानणाऱ्यांनी शरदिंदू बंद्योपाध्याय यांचे चरित्र अवश्य पाहावे. ३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे जन्मलेल्या शरदिंदूंचे शालेय शिक्षण बिहारातील मुंगेर येथे झाले. ऐन विशीत त्यांचा पहिला काव्यसंग्रह निघाला. पुढे ते वकील झाले. पण वकिलीत मन रमेना, तेव्हा ती सोडून त्यांनी लेखणीचाच आश्रय घेतला.

कॉनन डॉयल, अगाथा ख्रिस्ती यांच्या कथांचे ते चोखंदळ वाचक होते. तथापि १९३२ साली अवतरलेला त्यांचा ब्योमकेश बक्षी ही होम्सची बंगाली नक्कल नव्हे. धोतर नेसणारा, मित्र अजितसह कलकत्त्यात बिऱ्हाड थाटणारा हा मध्यमवर्गीय तरुण स्वतःस डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, तो सत्यान्वेषी. एका खटल्यात भेटलेल्या सत्यवतीशी तो विवाहही करतो. आणि येथेच लेखकाची पंचाईत झाली! संसारी गुप्तहेर वाचकांना रुचणार नाही, अशा समजुतीने शरदिंदूंनी १९३६ नंतर त्याला रजा दिली.

१९३८ मध्ये हिमांशु राय यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईस आले. मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी त्यांनी ‘भाभी’, ‘दुर्गा’ आदी चित्रपटांचे लेखन केले. स्टुडिओने त्यांना पोटापाण्याची निश्चिंती दिली. पण पटकथा ही अखेर दिग्दर्शकाच्या आणि तिकीटबारीच्या मर्जीची दासी. कादंबरीकाराचे एकांतातले स्वातंत्र्य तेथे कोठून मिळणार? ब्योमकेश पंधरा वर्षे मुका राहिला. पुढे कलकत्त्याच्या एका भेटीत, तेथील नवी पिढी त्याच्या कथांची अजून वाट पाहते आहे, हे त्यांना उमगले. १९५१ मध्ये ‘चित्रचोर’ लिहून त्यांनी हा अबोला सोडला.

१९५२ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी चित्रपटसृष्टीचा निरोप घेतला आणि पुण्यास कायमचे घर केले. या वयात बांधलेली मिळकत सोडणे सोपे नसते. परंतु त्यांच्या प्रतिभेला खरा बहर आला तो पुण्यातच. ब्योमकेशच्या बहुसंख्य कथा या उत्तरायुष्यातल्या आहेत. शिवकालातील सदाशिव या मराठा मुलाच्या कथा त्यांनी बंगाली बालवाचकांना दिल्या. विजयनगरवरील ‘तुंगभद्रार तीरे’ या कादंबरीस १९६७ मध्ये रवींद्र पुरस्कार लाभला. या काळातील कथांत प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात, संवाद नेटके होतात. मुंबईची ती वर्षे अगदीच वाया गेली नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या पडद्याकडे त्यांनी पाठ फिरविली, त्यानेच पुढे त्यांच्या दारी यावे, हेही खरेच. तपन सिन्हा यांनी १९६१ मध्ये ‘झिंदेर बंदी’, तर सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये ‘चिडियाखाना’ त्यांच्या कादंबऱ्यांवरून काढला. २२ सप्टेंबर १९७० रोजी शरदिंदू निवर्तले, तेव्हा ‘बिशुपाल वध’ ही ब्योमकेशकथा अपुरीच राहिली होती.