कार्ल पॅन्झ्रम : सुधारगृहात मार खाल्लेला मुलगा सिरीयल किलर झाला, मग दोष कोणाचा?

एखादा सिरीयल किलर पकडला गेला की त्याचं बालपण शोधलं जातं. ते भयंकर निघालं की वाद सुरू होतो. याला गुन्हेगार म्हणायचं की परिस्थितीचा बळी? अमेरिकेतल्या कार्ल पॅन्झ्रमच्या आयुष्याने हा प्रश्न फार अवघड करून ठेवला आहे.

कार्लचा जन्म १८९१ मध्ये मिनेसोटा राज्यातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. तो लहान असतानाच वडील घर सोडून गेले. शेजाऱ्याच्या घरात चोरी केली म्हणून १९०३ मध्ये त्याला रेड विंगच्या सरकारी सुधारगृहात धाडण्यात आलं. तिथे मुलांना मारण्यासाठी वेगळी जागाच होती. अंग काळंनिळं 'रंगवून' मिळायचं, म्हणून मुलांनी तिला रंगाचं घर असं नाव पाडलं होतं. १९०५ मध्ये कार्लने ती इमारतच पेटवून दिली.

सुटल्यावर तो घरातून पळाला. मालगाडीतून भटकताना काही जणांनी त्याच्यावर सामूहिक लैंगिक अत्याचार केला. पुढे तो सैन्यात भरती झाला, पण तिथेही चोरी केली. तीन वर्षांच्या शिक्षेवर शिक्कामोर्तब केलं ते तेव्हाचे युद्धमंत्री विल्यम टॅफ्ट यांनी. कार्लने हे नाव लक्षात ठेवलं. १९२० मध्ये त्याने टॅफ्ट यांच्याच घरी चोरी केली, त्या पैशांतून नौका घेतली आणि कामाच्या आमिषाने खलाशांना बोलावून त्यांचे खून केले, असं त्याने नंतर कबूल केलं. एकूण २१ खुनांची कबुली त्याने दिली. ते सगळे सिद्ध झाले नाहीत.

१९२८ मध्ये तो वॉशिंग्टनच्या तुरुंगात होता. रक्षकांनी त्याला बेदम मारलं, तेव्हा हेन्री लेसर या तरुण रक्षकाने त्याच्यासाठी एक डॉलर पाठवला. कार्लला आधी ती थट्टाच वाटली. ती थट्टा नाही हे कळल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लेसरने चोरून दिलेल्या कागद-पेन्सिलीने त्याने आपली कहाणी लिहिली. सुधारगृहाने आपल्याला काय शिकवलं हे त्यात आहे, पण पश्चात्ताप नाही. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कायद्याच्या दृष्टीने नेमका हाच मुद्दा महत्त्वाचा. कृत्य चुकीचं आहे हे आरोपीला कळत होतं का, ही त्या काळातली मुख्य कसोटी. वाईट बालपणाने ती समज जात नाही, म्हणून गुन्हाही माफ होत नाही. मात्र शिक्षा किती द्यायची, हा प्रश्न वेगळा आहे. फाशीच्या खटल्यात आरोपीच्या हिंसक बालपणाचा विचार न्यायाधीशांना करावाच लागेल, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एडिंग्ज खटल्यात स्पष्ट केलं. तो खुनी गुन्ह्याच्या वेळी १६ वर्षांचा होता.

कार्लला अशी सवलत नकोच होती. लेव्हनवर्थ तुरुंगात १९२९ मध्ये त्याने लॉन्ड्रीच्या मुकादमाचा खून केला. फाशीविरोधी कार्यकर्ते त्याला वाचवायला पुढे आले, तर त्याने त्यांनाच धुडकावलं. ५ सप्टेंबर १९३० रोजी त्याला फाशी झाली.

रेड विंगमधून बाहेर पडलेला प्रत्येक मुलगा खुनी झाला नाही. म्हणून कार्लची जबाबदारी कार्लचीच राहते. पण त्यामुळे बारा वर्षांच्या पोराला काळंनिळं करणारे निर्दोष ठरत नाहीत. त्यांच्यावर खटला कधी चाललाच नाही. लेसरने जपून ठेवलेली ती कहाणी १९७० मध्ये पुस्तकरूपात आली, तेव्हा कार्लला जाऊन चाळीस वर्षं झाली होती.