कुलाब्याचे चुंबकवेधी नानाभाई मूस

यवतमाळ-पुसदच्या घरांत एकेकाळी सिलोन केंद्राची गाणी पोहोचत, ती आकाशातील एका विद्युतभारित थरावरून परतलेल्या लघुलहरींमुळे. आयनांबर नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या थराचा तर्क १९०२ साली मांडला गेला. १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये अ‍ॅपल्टन यांनी रेडिओलहरींच्या साहाय्याने तो सिद्ध केला. मात्र त्या थरातील विद्युतप्रवाहांची चाहूल मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकसूची त्याआधीच दररोज टिपत होती. त्या नोंदींचा हिशेब लावला नानाभाई मूस यांनी.

मूस यांचा जन्म १८५९ चा. त्याच वर्षी सप्टेंबरात सौरवादळाने जगभरच्या तारायंत्रांची दाणादाण उडवली आणि कुलाब्यात त्याची नोंद झाली. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकी व नंतर एडिंबरा येथे विज्ञान शिकून ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापक झाले. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

लवकरच पेच उभा राहिला. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येऊ घातली. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज चुंबकसूचीला बिघडवणार, हे उघड होते. शहराची सोय अडवणे शक्य नव्हते. पण १८४६ पासूनची अखंड नोंद तुटली असती तर ती पुन्हा जोडता आली नसती. मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. तेथे चुंबकीय परिणाम न करणाऱ्या दगडाची इमारत उभारली गेली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या-नव्या मालिकांचा सांधा जुळवला गेला. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी विवेचनासह प्रसिद्ध केल्या. चुंबकीय वादळे लहरी, केव्हाही येणारी. मूस यांनी प्रत्येक वादळाचा आरंभ हा शून्य तास धरून अनेक वादळांची सरासरी काढली, आणि त्या अनियमिततेतून एक ठरावीक आलेख उमटला: आधी क्षैतिज बलात अल्पकाळ वाढ, मग काही तास मोठी घट आणि त्यानंतर दिवसेंदिवस चालणारी संथ भरपाई. अशाच वादळांत आयनांबर ढवळून निघते आणि लघुलहरींची केंद्रे अचानक गप्प होतात, हे पुढे कळले. सिडने चॅपमन यांनी मूस यांचेच काम पुढे नेले.

मूस १९१९ मध्ये निवृत्त झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाची तीव्रता नव्याने मोजली, ती कुलाब्याच्याच जुन्या नोंदींवरून.