डीलर लोकांना फुकट बँकॉक दाखवणाऱ्या टूरची सुरुवात गल्ल्याचं मशीन विकणाऱ्या एका हट्टी माणसानं केली होती

सीझन संपला की व्हॉट्सॲप स्टेटसवर एक ठरलेला फोटो येतो. तालुक्यातला सिमेंटचा डीलर, रंगाच्या दुकानाचा मालक, विम्याचा एजंट, सगळे एकसारखे टी-शर्ट घालून बँकॉकला उभे. खर्च कंपनीचा. टार्गेट गाठलं, ट्रिप मिळाली.

या प्रकाराची पहिली गाजलेली उदाहरणं सापडतात ती जॉन हेन्री पॅटरसनच्या कंपनीत.

पॅटरसनचा जन्म १८४४ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, डेटनजवळ. गडी कॉलेज शिकला, पण काम मिळालं कालव्यावर टोल गोळा करायचं. मग कोळशाचा धंदा आणि जोडीला दुकान. दुकानात गर्दी भरपूर, नफा मात्र शून्य. त्याच सुमारास जेम्स रिटी नावाच्या डेटनमधल्या बारमालकानं गल्ल्यातली चोरी थांबवायला एक मशीन बनवलं होतं, कॅश रजिस्टर. पॅटरसननं ती मशीनं मागवली आणि दुकान नफ्यात आलं.

१८८४ मध्ये त्यानं ती कंपनीच साडेसहा हजार डॉलरला घेतली. लोक इतके हसले की तो पैसे देऊन सौदा मोडायला निघाला होता. समोरचा ऐकेना. मग झक मारत कंपनी चालवली, नाव ठेवलं नॅशनल कॅश रजिस्टर.

आता खरी गोची. मशीन महाग, दुकानदाराला त्याची गरज वाटत नव्हती आणि नोकरांना तर ते डोळ्यासमोर नको होतं. म्हणजे सगळा खेळ विक्रेत्यांवर. पॅटरसननं प्रत्येकाला एरिया ठरवून दिला, त्यांच्यासाठी ट्रेनिंग स्कूल काढलं आणि एरियाच्या कुवतीप्रमाणे कोटा लावला. डाव इथंच आहे. बक्षीस फक्त पहिल्या नंबराला असतं तर मोठ्या शहरातलाच माणूस दरवेळी जिंकला असता आणि बाकीच्यांनी दुसऱ्या महिन्यातच नाद सोडला असता. इथं आडगावातला विक्रेताही स्वतःचा कोटा गाठून हंड्रेड पॉइंट क्लबात जाऊ शकत होता.

१९०६ साली अशा ७० विक्रेत्यांना हिरे जडवलेल्या पिना आणि डेटनची मोफत वारी मिळाली. कारखाना बघायला जाणं हे कसलं बक्षीस, असं वाटेल. पण तो कारखाना काचेच्या भिंतींचा, उजेडाचा, बागांचा होता. वर्षभर एकट्यानं दारोदार फिरणारा माणूस तिथं आपल्यासारख्याच जिंकलेल्यांच्या घोळक्यात वावरायचा. रोख बोनस घरखर्चात विरून जातो, पिन मात्र कोटावर दिसत राहते. १९११ मध्ये विजेत्यांना थेट न्यूयॉर्क दाखवलं.

आता दुसरी बाजू. विक्रीचा हा हट्ट कायद्याच्या पार गेला. जुन्या मशीनच्या बाजारातले स्पर्धक संपवायला कंपनीच्या पैशावर गुपचूप वेगळा धंदा उभा केला गेला. तो सांभाळणारा माणूस होता थॉमस वॉटसन. फेब्रुवारी १९१३ मध्ये पॅटरसन, वॉटसन आणि इतर अधिकारी दोषी ठरले. पॅटरसनला एक वर्षाची कैद आणि पाच हजार डॉलर दंड.

पुढच्याच महिन्यात डेटनला महापूर आला. पॅटरसननं कारखान्यातले कामगार होड्या बनवायला बसवले, कारखान्यातच हजारो लोकांना आसरा दिला. शिक्षा झालेला माणूस रातोरात गावाचा हिरो झाला. अपिलात शिक्षाही रद्द झाली, तुरुंगाचं दार त्यानं पाहिलंच नाही.

माणसांना ट्रिपला नेणारा हा मालक माणसं हाकलण्यातही तितकाच तयार होता. वॉटसनलाही त्यानं घालवलं. वॉटसन १९१४ मध्ये ज्या कंपनीत गेला तिचं नाव पुढे आयबीएम झालं. तिथं त्यानं हंड्रेड पर्सेंट क्लब काढला आणि कोटा गाठणाऱ्यांना एंडिकॉटला तंबू ठोकून गोळा करायला लागला.

पॅटरसन ७ मे १९२२ रोजी वारला, अटलांटिक सिटीला निघालेल्या रेल्वेगाडीत.