पुरस्कार घेतला, पण तोंड बंद नाही ठेवलं!

ऑस्कर असो की आपल्याकडची एखादी अ‍ॅवॉर्ड नाइट, स्टेजवरून कुणी राजकारणावर दोन वाक्यं बोललं की रात्रीतच रील फिरायला लागतं. वर्तकनगर नाक्यावर चहा पिताना तुमच्या ग्रुपमध्येही मग दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, भारी बोलला! दुसरी म्हणते, पुरस्कार घे आणि घरी जा ना बाबा. पण हा वाद रील्सच्या जमान्यातला नाही. मराठीत तो १९९६ साली चांगलाच पेटला होता आणि त्याच्या मधोमध होते चक्क पुलं!

हो, तेच पु. ल. देशपांडे. लोकलमध्ये हेडफोन लावून ज्यांची 'म्हैस' ऐकता, ते. ८ नोव्हेंबर १९१९ला मुंबईत जन्म, लहानपण पार्ल्यात. पुढे त्यांनी शाळा-कॉलेजात शिकवलं, आकाशवाणी आणि दूरदर्शनवर नोकरी केली, सिनेमे केले, पेटी वाजवली. 'बटाट्याची चाळ' तर एकट्याने स्टेजवर उभी केली. 'व्यक्ती आणि वल्ली'ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रयोगांतून आलेला पैसा त्यांनी आणि सुनीताबाईंनी सामाजिक कामांना वाटून टाकला. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं, त्यातही त्यांची देणगी होती.

आता तुम्ही म्हणाल, विनोदी लेखक, त्यांना राजकारणाचं काय पडलेलं? तर १९७५मध्ये आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधी नेते तुरुंगात गेले. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या, पुढे त्यांना अटकही झाली. १९७७ला निवडणूक लागली, तेव्हा पुलं प्रचारात उतरले. सभा घेतल्या, लोकांना हसवता हसवता स्वातंत्र्याची किंमत सांगितली. जनता पक्ष जिंकला. पुलंनी मात्र कुठलंही पद घेतलं नाही. सरळ आपल्या लिखाणाकडे परतले.

आता या १९९६मध्ये. राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार. त्यांनी 'महाराष्ट्र भूषण' हा पुरस्कार सुरू केला आणि पहिलाच दिला पुलंना. तेव्हा पुलं सत्तरी ओलांडलेले, त्यात पार्किन्सन्सने शरीर थकलेलं. सगळ्यांचे आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण बाळासाहेब ठाकरे त्या काळात लोकशाहीपेक्षा ठोकशाहीची भाषा जाहीरपणे करत होते. पुलंनी पुरस्कार स्वीकारतानाच त्याबद्दलची नाराजी बोलून दाखवली. तीही ज्यांनी सन्मान दिला, त्यांच्याच कार्यक्रमात!

झालं, भडका उडाला. ठाकरेंनी पुलंच्या नावावर कोटी करत जाहीर टीका केली, पुरस्कार दिल्याचा पश्चात्तापही बोलून दाखवला. गंमत बघा, याच ठाकरेंना पुलंनी एकेकाळी दादरच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिकवलं होतं. अनेक साहित्यिक आणि वाचक पुलंच्या बाजूने उभे राहिले. पुलंनी शब्द मागे घेतले नाहीत. १२ जून २००० रोजी ते गेले. त्या पहिल्या 'महाराष्ट्र भूषण'ची आठवण निघाली की हा किस्सा आजही निघतोच.

ज्याच्या हातून हार घालून घ्यायचा, त्यालाच सुनवायचं, हे बरोबर का? तुमच्यातला कुणी ना कुणी हे विचारणारच. १९७३मध्ये मार्लन ब्रँडोने 'गॉडफादर'साठी मिळालेलं ऑस्कर नाकारलं होतं, हॉलिवूड मूळ अमेरिकन आदिवासींना पडद्यावर कसं दाखवतं याच्या निषेधात. पुलंनी नाकारलं नाही. आणि त्यात विसंगती काहीच नव्हती. सरकारी पुरस्कार पक्षाच्या खिशातून येत नाही, तो राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करातून येतो. तो घेतला म्हणून माणूस कुणाचा मिंधा होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असं एखादं रील आलं, की फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी तपासा. बोलणाऱ्याचं त्यात काही पणाला लागलं होतं का? आणि खुर्चीवरचा पक्ष बदलला, तरी तो तसाच बोलला का? १९७७मध्ये काँग्रेस होती, १९९६मध्ये युती. पुलं दोन्ही वेळा बोलले.